फूल, दोन पानं आणि बाहेरची वर्तमानपत्रं

२५ सप्टेंबर २०१७ला इराकमधल्या कुर्दांनी स्वातंत्र्यावर मतदान केलं. परदेशी वर्तमानपत्रांत तेव्हा मी वाचलं ते किर्कुकच्या तेलाबद्दल आणि तुर्कस्तानच्या नाराजीबद्दल. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले, पण ते लोक कोण हे फारसं कळलं नाही. असंच एक मतदान आपल्या शेजारी झालं होतं, आणि तिथे बाहेरचे आपण होतो.

१६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांवर म्हणजे केंद्रशासित गोवा. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. मुंबईत आचार्य अत्र्यांचा 'मराठा' फुलाच्या बाजूने होता. ख्रिस्ती मतांनी घात केला, हे स्पष्टीकरण इकडे अजूनही ऐकू येतं.

मी मनोरीत राहतो. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत मराठीचीच एक बोली बोलतात, त्यामुळे 'ख्रिस्ती म्हणजे मराठीविरोधी' हे समीकरण मला आधीपासूनच चमत्कारिक वाटायचं. शिवाय हिशोबही जुळत नाही. गोव्यात तेव्हा ख्रिस्ती चाळीस टक्क्यांच्या आत होते आणि दोन पानांना निम्म्याहून जास्त मतं पडली. म्हणजे हजारो हिंदूंनीही तिथेच शिक्का मारला.

त्यांच्यापर्यंत पोचलं ते मडगावचं 'राष्ट्रमत', आणि हे दैनिक मराठी होतं! उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. विलीनीकरण नको, हे मराठीतून, मराठी वाचणाऱ्या हिंदूंना पटवलं जात होतं. मुंबईच्या चष्म्यातून हे दिसणं अवघडच. मराठी वाचणारा माणूस मराठी राज्य नाकारेल, ही कल्पनाच आपल्याला सोसत नव्हती.

पुढचं तर आणखी गोंधळात टाकणारं. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणासाठी लढलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो पक्षालाच लोकांनी पुन्हा सत्ता दिली. बहुजनांना कूळ म्हणून भाऊ हवे होते, शाळा हव्या होत्या; मुंबईचं राज्य सगळ्यांनाच हवं होतं असं नाही. एकाच मतदाराच्या दोन इच्छा असू शकतात, पण मथळ्यात एकच मावते.

आणि घटकराज्य हवं का, हे त्या मतपत्रिकेवर विचारलंच नव्हतं. ते मिळायला ३० मे १९८७ उजाडावं लागलं.