शब्द हरपलेला प्राध्यापक (धागा)

शब्द नाहीसे झाले, तर विचार उरतो का? या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु ज्याचे शब्द खरोखरच हरपले आणि पुढे परतही आले, अशा माणसाची साक्ष दुर्मीळ. झाक लॉर्दा हे तसे साक्षीदार.

लॉर्दा फ्रान्समधील माँपेलिए येथे वैद्यकाचे प्राध्यापक होते. १८२५ मध्ये घशाच्या दुखण्यातून उठत असतानाच त्यांची वाचा गेली. ‘रेझँ’ म्हणजे द्राक्ष म्हणू जावे, तर तोंडून ‘सेरँ’ निघे. इतरांचे बोलणे वेळेत उमगेना. वाचन तर पारच थांबले. यालाच आज आपण वाचाघात म्हणतो.

पुढे एके दिवशी घरातील ग्रंथसंग्रहात एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीकडे त्यांची नजर गेली. हिपोक्रेटिसच्या समग्र लेखनाचे ते लॅटिन नाव त्यांना चक्क वाचता आले! डोळ्यांत पाणी उभे राहिले. भाषा हळूहळू परतली.

१८४३ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. दावा ठाम होता : त्या काळातही मी विचार करीत होतो. ख्रिस्ती त्रैक्याचे स्तवन मनात आणले की त्यातील सगळ्या कल्पना हजर असत, शब्द मात्र एकही आठवत नसे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. निःशब्द काळाविषयीची ही साक्ष १८ वर्षांनंतरची, आणि तीही शब्दांतच दिलेली. शिवाय लॉर्दा माँपेलिएच्या प्राणतत्त्ववादी परंपरेतले. विचार शरीराच्या आघातातून सुटतो, हा निष्कर्ष त्यांना सोयीचाच होता.

पॅरिसचे आर्मां त्रूसो यांनी १८६० च्या दशकात या साक्षीवर शंका घेतली. (१८६४ मध्ये ‘अफेजिया’ हे नाव पुढे आणणारेही तेच, ब्रोकांचा १८६१ चा ‘अफेमी’ मागे पडला.) पूर्वी उत्स्फूर्त व्याख्याने देणारे लॉर्दा आजारानंतर लिहून आणलेले वाचत, मग बुद्धी शाबूत कशी? नव्वदीच्या आसपासचे लॉर्दा तेव्हा हयात होते.

मला त्रूसोंचा हा पुरावाही लंगडा वाटतो. उत्स्फूर्त व्याख्यान ही भाषेचीच कसोटी. त्यावरून विचार कसा मोजणार?

निःशब्द कसोटी हवी होती. रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन वाचाघातग्रस्त पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वाक्यात कोणी कोणाला मारले, हे केवळ शब्दक्रमावरून त्यांना ओळखता येईना. मोठ्या संख्येतून लहान वजा करणे आणि लहानीतून मोठी वजा करणे, यांतला फरक मात्र त्यांना कळत होता. कंसांची गणितेही ते सोडवीत होते.