एरंडेलावरचं विमान

आमच्या आजीला दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा. एक कावळा, कारण तो वाळवणात चोच घालतो. दुसरा फोटो, कारण फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिच्या सासूने सांगून ठेवलेलं.

धाकटा मामा पुण्याला नोकरीला. मे महिन्यात एसटीने कोकणात यायचा तेव्हा ट्रंक टपावर आणि मांडीवर जुन्या धोतरात गुंडाळलेलं बाल्सा लाकडाचं विमान. साल १९८४ असावं, की ८५? आई म्हणते, त्या वर्षी हापूस आलाच नव्हता. पण आई हे प्रत्येक वर्षाबद्दल म्हणते.

इंजिनाचं इंधन मामा पडवीत बसून कालवायचा. मिथेनॉल आणि त्यात एरंडेल. आजी करवादायची, "मेल्या, पोरांच्या पोटात जायचं तेल यंत्राला पाजतोस!" आम्हा पोरांना तर नुसत्या वासानेच कळ यायची.

विमानाच्या पोटाशी फोमचा तुकडा आणि त्यावर रबरबँडांनी आवळलेला छोटा ११० कॅमेरा. मामाने खालून रेडिओची कळ हलवली की सर्व्होचा चिमुकला दांडा फिरायचा आणि कॅमेऱ्याचं बटण दाबायचा. रीळ पुढे सरकवायला मात्र माणसाचा हात लागे, म्हणजे एका उड्डाणाला फोटो एकच. इंजिनाच्या थरथरीने तोही फिसकटायचा. म्हणून मामा आधी इंजिन मंद करी, विमान घारीसारखं तरंगू देई आणि मग कळ. कॅमेऱ्याला काय दिसतंय, हे सड्यावर उभ्या माणसाला कळायची सोय नव्हती. सगळा अदमास.

रात्री खळ्यात गरे खाताना तो जुन्या खटपट्यांच्या गोष्टी सांगे. त्यातलं त्याने किती सांगितलं आणि मी मागाहून किती वाचलं, याची आता सरमिसळ झाली आहे. फ्रान्समधल्या आर्थर बातूने १८८८ मध्ये पतंगाला कॅमेरा बांधला. कळीच्या जागी हळूहळू जळणारी वात. फोटो निघाला की वरून कागदाची पट्टी सुटायची, तेवढीच खूण. जर्मनीतला नॉयब्रोनर औषधवाला, कबुतरांकरवी औषधं पाठवणारा. त्याने कबुतराच्या छातीवरच कॅमेरा चढवला. हे शक्यच नाही म्हणून पेटंट कचेरीने आधी अर्ज नाकारला. फोटो पुढे ठेवले, तेव्हा १९०८ मध्ये पेटंट मिळालं. आजीला हा कबुतरवाला पसंत पडला. "कबुतर बरं. दाणे टाकले की झालं, एरंडेल तरी पीत नाही."

तरी विमान काजूत अडकून पंख फाटला, तेव्हा पिठाची खळ शिजवून कागद चिकटवला तो तिनेच.

रीळ मामाबरोबर पुण्याला गेलं. पाऊस लागल्यावर पाकीट आलं. बहुतेक फोटोंत आभाळ, नाहीतर आभाळाला टेकलेलं पंखाचं टोक. एकात मात्र आमचं घर! कौलं, विहीर, सारवलेलं खळं, त्यावर ओळीने फणसाचे पापड. आणि खळ्याच्या मधोमध नऊवारीतली आजी, वर बघत, काठी उगारून.

आजीने फोटो चष्म्याजवळ धरला. "तरीच म्हटलं, हा कावळा मधमाशीगत गुणगुणतोय कसा!" आयुष्य कमी होण्याचं तिला त्या दिवशी आठवलं नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण तिचा दुसरा फोटो घरात नाही.

गेल्या मे महिन्यात भाच्याने त्याच खळ्यावर ड्रोन उडवला. अदमास कसला, मोबाइलच्या पडद्यावर कौलं नि विहीर आधीच दिसत होती. वाळवणापाशी बसलेली आईही दिसली. गुणगुण ऐकून तिने मान वर केली, आणि मान खाली न करताच एक हात बाजूच्या काठीकडे नेला.