उजेडाचा उंबरठा



वास्तुकलेचा माझा अभ्यास बेताचाच. मी एक निवृत्त शाळामास्तर. परंतु माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीनें मला या विषयाकडे वळविलें. आमच्या शाळेंत राजा रविवर्मा यांचें एक छापील चित्र होतें. मुलांस नीट दिसावें म्हणून मीं तें पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलें. कांहीं वर्षांत लुगड्याचा तांबडा रंग पार विटला. उजेडावांचून चित्र दिसत नाहीं आणि उजेडानेंच तें मरतें, हें मला उशिरा उमगलें.

कलासंग्रहालय बांधणारापुढेंही हाच पेच असतो. शिवाय चित्रें टिकण्यासाठीं दालनांतील उष्णता व आर्द्रता बाराही महिने सारखी राखावी लागते. तो सारा भार यंत्रांवर टाकला तर वीज अतोनात खर्च होते. म्हणून या वास्तूंचा इतिहास हा बह्वंशीं त्यांच्या बाह्य भिंतीचाच इतिहास होय.

१९६८ सालीं बर्लिन येथें मीस व्हान डेर रोह यांनीं रचिलेली नवी राष्ट्रीय चित्रशाळा उघडली. आठ पोलादी खांबांवर एक चौरस छप्पर आणि खालीं चोहों बाजूंनीं कांच! रूप भव्य खरें; परंतु ती कांच एकेरी. हिवाळ्यांत आंतील उबदार हवा गार कांचेला भिडून तिच्यांतील बाष्पाचें पाणी होई व तें ओघळे. उन्हाथंडीनें पोलादी चौकटी प्रसरण व आकुंचन पावत आणि तावदानें तडकत. डेव्हिड चिपरफील्ड यांच्या हातून जीर्णोद्धार होऊन २०२१ सालीं ती पुन्हां खुली झाली. तथापि मूळ रूप राखण्यासाठीं तेथें उष्णतारोधक दुपदरी तावदानें घातलीं नाहींत. सौंदर्याची ही किंमत जाणूनबुजून पत्करलेली आहे.

दुसरा मार्ग १९९७ सालीं ऑस्ट्रियांत, कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं ब्रेगेंट्स येथें दिसला. तारुण्यांत सुतारकाम शिकलेले पीटर झुमथोर यांनीं तेथील कलागृहाभोंवतीं दुधी कांचेचीं ७१२ तावदानें कौलांप्रमाणें बसविलीं. त्यांच्या मागें सुमारें ९० सेंटिमीटरांची पोकळी, व तिच्या आंत दुसरें आवरण. वारापाऊस बाहेरचा पदर झेलतो. उजेड मात्र मऊ होऊन छताच्या पोकळींत शिरतो व कांचेच्या छतांतून चित्रांवर उतरतो. काँक्रीटच्या भिंतींत व तळांत नळ पुरलेले असून त्यांतून पाणी खेळतें. उन्हाळ्यांत भूमींतील गारवा त्यांतून वर येतो. त्यामुळें वातानुकूलनाच्या यंत्रांस काम थोडेंच उरतें. १९९८ सालीं या वास्तूला युरोपचा जो मोठा पुरस्कार लाभला, तो मीस यांच्याच नांवाचा आहे!

यांत अद्भुत असें कांहीं नाहीं. आपल्या जुन्या वाड्याची ओसरी हेंच करीत असे: ऊन अंगणांत थोपवी, उजेड तेवढा आंत घेई. चांगली भिंत म्हणजे नुसता अडसर नव्हे. कोणास येऊं द्यावें व कोणास थांबवावें, हें जाणणारा तो उंबरठा होय.

सेवानिवृत्तीपूर्वीं मीं तें चित्र आंतल्या भिंतीवर हलविलें. गेलेला तांबडा रंग कांहीं परतला नाहीं. पण पदराचा निळा रंग अजून टिकून आहे.