एका आकड्याचे दोन अर्थ

चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण दरवर्षी वर्गात करतो. पण हा कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर पडलाच नाही तर? १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात हा प्रश्न जीवनमरणाचा ठरला.

त्या उन्हाळ्यात शहरात पोलिओची मोठी साथ आली. अनेक रुग्णांचे श्वसनाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडले. रुग्णालयात श्वसनयंत्रे होती अवघी सात : एक 'लोखंडी फुफ्फुस' आणि सहा छातीवर बसवण्याची. यंत्रोपचार केलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट फार वाढलेले आढळे. त्यावरून रक्त अल्कधर्मी झाले असावे, असा समज होता.

विभागप्रमुख लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांना सल्ल्यासाठी बोलावले. इब्सेन यांनी त्याच आकड्याचा वेगळा अर्थ लावला. श्वास अपुरा पडल्याने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यामुळेही बायकार्बोनेट वाढते. पण मग रक्त आम्लधर्मी असायला हवे. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला गळ्यापाशी छिद्र पाडून नळी बसवण्यात आली. रबरी पिशवी दाबून इब्सेन यांनी तिच्या फुफ्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. पुढे पॉल आस्त्रुप यांनी रुग्णांच्या रक्ताचा पीएच मोजला आणि इब्सेन यांचे अनुमान खरे ठरले.

पिशव्या दाबणार कोण? वैद्यकाचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, महिनोन्महिने, रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

गळ्यातून दिलेली हवा मात्र नाकाला वगळून जाते. नाक हवा गाळते, ऊब देते आणि ओलावते. कोरड्या हवेने कफ घट्ट होऊन नळी बुजू शकते. म्हणून आज अशा रुग्णांना वेगाने ऑक्सिजन देताना तो सुमारे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बाष्पाने संपृक्त करतात. त्या तापमानाला एक लीटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम बाष्प मावते. नाक हे काम एरवी गुपचूप करीत असते.

मोजमाप अचूक असले तरी त्याचा अर्थ चुकू शकतो. दोन अर्थ संभवत असतील, तर त्यांतला निवाडा करणारे दुसरे मोजमाप शोधावे लागते. चुन्याच्या निवळीचा प्रयोग दाखवताना ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना जरूर सांगूया.