काळ्यावर काळं

गेल्या वर्षी एका अ‍ॅनिमेशनपटासाठी मी एक धनगर आजोबा तयार करत होतो. काळ अठराव्या शतकाचा, रान दख्खनचं, खांद्यावर घोंगडी. चेहरा झाला, मुंडासं झालं, हातातली काठीही जमली. अडलं ते घोंगडीपाशी. टेक्श्चरच्या लायब्ररीत 'वूल' असं शोधलं तर ढीगभर फाइली आल्या. ट्वीड, फ्लॅनेल, स्कॉटिश चौकटी, जाडजूड स्वेटर. त्यातलंच एक करडं कापड उचललं आणि आजोबांच्या खांद्यावर टाकलं. रेंडर बघून माझं मलाच हसू आलं. आजोबा मेंढरं वाऱ्यावर सोडून लंडनच्या एखाद्या ऑफिसात निघाले होते.

क्लायंटला मात्र ते आवडलं. 'क्लीन दिसतंय,' असा निरोप आला. काम तिथंच संपवता आलं असतं. पण आमच्या घरी लोखंडी ट्रंकेत माझ्या पणज्याची घोंगडी आहे. लहानपणी तापात ती अंगावर घातली की आधी टोचायची, मग ऊब यायची. ती 'क्लीन' कधीच नव्हती. उद्या एखादं पोर हा सिनेमा बघून म्हणणार, घोंगडी अशी असते. मला ते पटेना.

मग प्रश्न पडला, की इतक्या हुशार सॉफ्टवेअरला लोकर म्हटल्यावर फक्त ट्वीडच का आठवतं?

गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या पूर्वजांत एक माग आहे. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या जोसेफ मारी जाकार यानं 1804च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बनवला. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जायचा, नसेल तिथला खालीच राहायचा. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा. याच पद्धतीनं 1839 साली खुद्द जाकारचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती, आणि आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी त्यानं पुठ्ठ्यांची तीच कल्पना उचलली. 1843 साली एडा लव्हलेसनं त्या यंत्राबद्दल लिहिताना तुलना केली ती याच मागाशी. धागा वर की खाली, हो की नाही. विणकराच्या हाताला हे फार आधीपासून ठाऊक होतं.

पण पुढे कॉम्प्युटर चित्रं काढायला लागला तेव्हा त्याला धागा आठवला नाही. 1974 साली युटा विद्यापीठात एड कॅटमलनं आपल्या प्रबंधात एक युक्ती मांडली. त्रिमितीय आकारावर सपाट चित्र गुंडाळायचं. वहीला कव्हर घालतो तसं. यालाच आपण आज टेक्श्चर मॅपिंग म्हणतो, आणि तुमच्या फोनवरच्या प्रत्येक गेममध्ये ते चालू असतं. लाकडाला, विटेला, संगमरवराला ही युक्ती शोभते. कापडाला शोभते ती लांबूनच. 1978 साली जिम ब्लिन यानं पुढची हातचलाखी केली. पृष्ठभाग सपाटच ठेवायचा, पण उजेडाचा हिशोब करताना इथं उंचवटा आहे, तिथं खाच आहे असं कॉम्प्युटरला खोटंच सांगायचं. समोरून बघताना धागे उठून दिसतात. कडेनं बघितलं की पितळ उघडं पडतं, कारण कड गुळगुळीतच राहते.

आणि लोकरीचं सगळं रूप तर कडेलाच असतं. सकाळच्या उन्हात घोंगडी पांघरलेला माणूस सूर्याच्या बाजूला उभा असेल तर त्याच्या खांद्याभोवती उजेडाची एक पुसट रेघ दिसते. ते विणीबाहेर आलेले तंतू. सपाट चित्रात ते येणार कुठून?

पुढची काही वर्षं संशोधकांचं लक्ष कापड कसं पडतं याकडे होतं. 1986 साली जेरी वाइलनं टांगलेल्या कापडाच्या झोळाचं गणित मांडलं. 1997च्या पिक्सारच्या 'गेरीज गेम' या लघुपटात एक म्हातारा बागेत एकटाच बुद्धिबळ खेळतो. लोक हसले त्याच्या लबाडीला, आमच्या धंद्यातले लोक बघत बसले त्याचा कोट. बाही हातासोबत हलत होती, चुरगळत होती. पुढच्याच वर्षी बॅराफ आणि विटकिन यांचा प्रबंध आला आणि कापडाची हालचाल व्यवहारात परवडण्याजोगी झाली. पण ते कापड म्हणजे तरीही एक पातळ पापुद्राच. आत धागा नव्हता.

धाग्याकडे जाणारी वाट वेगळ्याच ठिकाणाहून निघाली होती. 1989 साली कजिया आणि के या दोघांनी एक टेडी बेअर रेंडर केला. केसाळ अंगाला पृष्ठभाग मानायचंच नाही, तर उजेड ज्यातून गाळून जातो असा एक जाड थर मानायचं, ही त्यांची कल्पना. माझ्या मते लोकरीच्या बाबतीत खरी उडी ती. तिचं फळ दिसायला दोन दशकं लागली. 2011 साली कॉर्नेल विद्यापीठात शुआंग झाओ, वेन्झेल याकोब, स्टीव्ह मार्शनर आणि कविता बाला यांनी कापडाच्या छोट्या तुकड्यांचं चक्क सीटी स्कॅन केलं. दवाखान्यात करतात तसंच, फक्त कितीतरी सूक्ष्म. कुठला तंतू कुठून कुठं वळतो ते त्यातून कळलं, रंग आणि चमक फोटोवरून जुळवली. कविता बाला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थिनी, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

त्याच सुमारास, 2012 साली, पिक्सारचा 'ब्रेव्ह' आला. स्कॉटलंडची गोष्ट, म्हणजे लोकर आलीच. त्यातल्या डनब्रॉख घराण्यासाठी नवं टार्टन बनवलं आणि स्कॉटलंडच्या सरकारी टार्टन नोंदवहीत त्याची रीतसर नोंदही झाली. टार्टनची नोंद म्हणजे मुळात आकड्यांची ओळ असते. अमुक रंगाचे इतके धागे, मग तमुक रंगाचे इतके. कॉम्प्युटरला ते पाठ करायला किती सोपं! त्याच वर्षी डिस्नेच्या ब्रेंट बर्लीनं रेंडरिंगची जी पद्धत जाहीर केली, तिच्यात कापडाच्या कडेवरच्या झळाळीसाठी 'शीन' नावाचा वेगळा आकडाच दिला होता. आज जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो स्लायडर सापडतो.

म्हणजे हत्यारं सगळी होती. मग मी ट्रंक उघडली.

घोंगडीला टार्टनसारखे आकडे नाहीत. काळ्या मेंढीची काळी लोकर, काळ्यावर काळं. फोननं फोटो काढला तर फोननंच हुशारी केली, काळं उजळून राखाडी करून टाकलं. मग एक्सपोजर लॉक केलं, खोलीत अंधार केला, आणि बॅटरी चार बाजूंनी तिरपी धरून फोटो घेतले. तेव्हा दिसलं, की काळं असं एक नाहीच. टोकाला उन्हानं तांबूस झालेले तंतू, मध्येच एखादा पांढरा केस, कुठं निळसर झाक. मेरिनोचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा, मऊ. आपल्या दख्खनी मेंढीचा त्याहून बराच जाड आणि राठ. त्यातल्या काही तंतूंचा गाभा पोकळ असतो, त्यामुळे ते उजेड वेगळ्या तऱ्हेनं फेकतात, खडूसारखे कोरडे दिसतात. शिवाय सूत हातानं काढलेलं. इथं जाड, तिथं बारीक, पीळ कुठं घट्ट तर कुठं सैल. वीतभर तुकड्याचं टेक्श्चर करून पुढे पुढे चिकटवत गेलो तर तोच जाड धागा दर वीतभर अंतरावर पुन्हा दिसायला लागला. फरशीसारखं.

शेवटी चित्र सोडलं आणि धागेच मॉडेल केले. उभे, आडवे, प्रत्येकाची जाडी थोडी वेगळी, त्यातून निसटलेले तंतू. एका फ्रेमला माझा कॉम्प्युटर पाऊण तास घेत होता. क्लायंटचे फोन येत होते आणि माझं भिजत घोंगडं पडून होतं. (हा वाक्प्रचार ज्यानं केला, त्यानं ओली घोंगडी नक्की उचललेली असणार. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश वाफ पिऊनही कोरडीच भासते, आणि खरी भिजली की दोघांना पिळवत नाही.)

रेंडर घेऊन मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका सणगर मामांकडे गेलो. घोंगड्या विणणारे ते आता गावात एकटेच. घरात खड्ड्याचा माग, पाय खड्ड्यात सोडून बसलेले. बाजूला चिंचोक्याची खळ शिजत होती. ती उभ्या धाग्यांना देतात, म्हणजे धागा ताठ होतो, फणीत तुटत नाही. पणज्याच्या घोंगडीला येणारा तो आंबूस वास कसला, हे मला तिथं पस्तिसाव्या वर्षी कळलं.

मामांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. बराच वेळ गप्प.

"सूत बरं हाय," म्हणाले. "म्हातारीनं काढल्यालं दिसतंय." मी फुशारलो. मग त्यांनी बोट चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. "पर ह्येला काठ कुटं हाय?"

काठ नव्हता. आमच्या धंद्यात चांगलं टेक्श्चर म्हणजे ज्याला शिवण दिसत नाही, सुरुवात नाही, शेवट नाही, कितीही पसरा. मी तसंच केलं होतं आणि आजोबांच्या खांद्याला बेतून कापलं होतं, कात्रीनं कापल्यासारखं. मामांनी मागावरची अर्धी घोंगडी पुढे ओढली. आडवा धागा काठाशी येऊन वळतो आणि परत जातो, तिथं वीण जरा घट्ट होते. तोंडाला उभ्या धाग्यांच्या दशा सोडतात. "दोन-चार दशांना गाठ मार," ते म्हणाले, "न्हाईतर उसवंल."

घरी येऊन मी धागा काठाशी वळवला. कापलेली कड काढून टाकली, तोंडाला दशा सोडल्या, चार-चारच्या गाठी मारल्या. दोन गाठी सुटलेल्या ठेवल्या, कारण पणज्याच्या घोंगडीच्याही तशाच आहेत. फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'खालचे दोरे लटकतायत ते क्लीन करता येतील का?'

नाही म्हणून कळवलं.