हिरवळीखालची टाकी

मुंबईच्या पाण्याचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण तलावांची नावं मोजू लागतो. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२. तलाव केव्हा बांधला, हे चटकन सांगता येतं. बांधलेलं कुणी, कसं टिकवलं, हे मात्र कुणी विचारत नाही. मला तोच इतिहास अधिक मोलाचा वाटतो.

मलबार हिलचं फेरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे आपलं हँगिंग गार्डन घ्या. सहलीला आलेली मुलं ज्या हिरवळीवर धावतात, तिच्याखाली १८८० च्या दशकात बांधलेला जलाशय आहे. त्यात सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावतं. टाकी उंचावर, म्हणून गिरगाव, ग्रँट रोड, फोर्टपर्यंत पाणी उताराने जातं.

ही टाकी म्हातारी झाली, पाडून नवी बांधू, असं महापालिकेने ठरवलं. शेकडो झाडांवर गदा येणार म्हणून २०२३ मध्ये रहिवाशांनी हरकत घेतली. मग तज्ज्ञांची समिती नेमली गेली. जलाशयात वेगवेगळे कप्पे आहेत. त्यामुळे एक कप्पा रिकामा करून आत उतरता आलं. त्या काळात पाणीकपात झाली, पण शहर कोरडं पडलं नाही. समितीतल्या आयआयटीच्या प्राध्यापकांनी २०२४ मध्ये मत दिलं, की पाडण्याची गरज नाही, दुरुस्ती पुरेशी आहे. पालिकेच्या अधिकाऱ्यांचं मत मात्र वेगळं पडलं.

वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. वय झालं म्हणजे निकामी झालं, असं नव्हे. आधी आत उतरून पाहावं लागतं.

जमिनीखालच्या नळांचं तर आणखी अवघड. मुंबईत ठरावीक वेळीच पाणी सुटतं. चावीवाल्याने चावी बंद केली की नळ रिकामा होतो, आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरू शकतं. म्हणून कुठला नळ कधी टाकला, किती वेळा फुटला, याची वही हवी. त्या वहीवरून आधी कुठला नळ बदलायचा ते ठरवावं, आणि त्यासाठी दरवर्षी पैसा बाजूला काढावा. नव्या धरणाला उद्घाटनाची फीत असते. वेळेवर बदललेल्या नळाला ती नसते. तरी आपल्या नगरसेवकाला आपण हे विचारायला हवं: आमच्या गल्लीतला नळ किती वर्षांचा?