मुंबई बंदराचें मुख आणि मोठीं जहाजें

मोठें जहाज तें सुरक्षित जहाज, असा समज रूढ आहे. खुल्या समुद्रांत तो बराचसा खरा असेल. परंतु मुंबई बंदराच्या मुखाशीं खडक, उथळ पाणी व भरती-ओहोटीचा ओढा एकत्र येतात, तेथें इतिहासाची साक्ष उलट पडते.

शके १६०१ म्हणजे इ. स. १६७९ मध्यें शिवछत्रपतींनीं खांदेरी बेट बांधावयास घेतलें. इंग्रजांनीं रसद तोडण्यासाठीं जहाजें आणून उभीं केलीं. परंतु वारा पडला कीं तीं जागींच खोळंबत, आणि मराठ्यांचीं लहान गलबतें वल्हीं मारून किनाऱ्यावरून बेटास पोंचत. ता. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानानें चाल केली, तेव्हां ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. ‘रिव्हेंज’ टिकली, हें खरें. पण बेट इंग्रजांस मिळालें नाहीं.

पुढें १८६७ त खांदेरीवर व १८७५ त प्राँग्सच्या खडकावर दीपगृह झालें. दिवा खडक दाखवितो. समोरून येणाऱ्या जहाजाचा हेतु दाखवीत नाहीं. ता. ७ ऑगस्ट २०१० रोजीं जवाहरलाल नेहरू बंदरांतून निघालेलें ‘चित्रा’ व आंत येणारें ‘खलिजिया’ हीं जहाजें एकमेकांवर आदळलीं. ‘चित्रा’वरील ३३ जण वाचले, परंतु शेंकडों टन तेल सांडलें, पेटारे समुद्रांत पडले, आणि मार्ग एकच असल्यामुळें दोन्ही बंदरांची वाहतूक कांहीं दिवस बंद राहिली. पुढील वर्षीं, ता. ३१ जुलै रोजीं, ओमानजवळ खलाशांनीं सोडलेलें ‘पवित’ हें तेलवाहू जहाज वाहत येऊन जुहूच्या वाळूंत रुतलें; तोंपर्यंत तें कोणास कळलें नाहीं.

भरलेलें प्रचंड तेलवाहू जहाज थांबावयास कांहीं किलोमीटर लागतात. वेग कमी केला कीं सुकाणूचा जोर ओसरतो. उथळ पाण्यांत वेग वाढविला कीं तळ अधिक खालीं बसतो. जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्याकडे जाणाऱ्या जहाजांस हा पेंच नित्याचा आहे. म्हणून आमच्या मतें वाटाड्याचें स्थानिक ज्ञान आणि दोन्ही बंदरांत एकच हुकूम, या दोन गोष्टींस पर्याय नाहीं.

आम्ही देशावरचे, कासारवाडीचे रहिवासी; तरी चाकणच्या मोटारी याच मुखांतून परदेशीं जातात. थळ, रेवस, अलिबाग येथील तांडेलांच्या घराण्यांत खडकांचीं व ओढ्यांचीं टिपणें असण्याचा संभव आहे. संग्राहकांनीं तीं वाळवीच्या आधीं गांठावींत, ही विनंति.